संगणकातली काणी : ओळखावी कशी, काढावी कशी



पौष पौर्णिमेला मुरबाड तालुक्यात म्हशाची यात्रा भरते. घोंगड्या आणि बैल यांसाठी ही यात्रा नावाजलेली. गाळप हंगाम ऐन भरात असतानाही दोन दिवसांची सवड काढून आम्ही माळशेज घाट उतरलो आणि यात्रेला जाऊन आलो. घाटाखाली आपल्या पुष्कळ सभासदांच्या लेकीबाळी दिलेल्या आहेत. त्यामुळे बैलबाजार पाहायचा, पाहुण्यांकडे उतरायचे आणि शहापूरमार्गे परतायचे, असा सरळ बेत होता.

बैलबाजारात एक म्हातारे शेतकरी बैलाचे दात पाहत होते. दात पाहिले, खूर पाहिले, चार पावले चालवून पाहिला, पाठीवर हात फिरवला. विकणारा म्हणाला, "बाबा, किती बघाल? देवाघरचा बैल आहे." म्हातारबुवा म्हणाले, "देवाघरचा असू दे, दावणीला माझ्या बांधायचा आहे."

हे वाक्य आमच्या डोक्यात बसले, कारण त्याच दिवशी संध्याकाळी न बघता दावणीला बांधलेल्या एका पाहुण्याची हकिकत आम्हांला ऐकायला मिळाली. तो पाहुणा म्हणजे बैल नव्हे. संगणकात शिरणारा 'ट्रोजन' नावाचा घातकी प्रोग्रॅम. विषय आपल्या बातमीपत्राला नवा वाटेल. पण उसाचे बिल आज सरळ बँकेच्या खात्यात जमा होते, सात-बारा संगणकावर निघतो आणि गावोगावच्या विविध कार्यकारी सोसायट्याही संगणकावर येत आहेत. देशातल्या ६३ हजार प्राथमिक सोसायट्यांच्या संगणकीकरणाची २,५१६ कोटी रुपयांची योजना केंद्र सरकारने जून २०२२ मध्ये मंजूर केली. म्हणजे आपला पैसा आणि आपले कागद दोन्ही या यंत्रात आहेत. तेव्हा त्याची रोगराईही आपणच ओळखली पाहिजे.

ताईंच्या केंद्रातली गोष्ट

ज्या घरी आम्ही उतरलो त्यांच्या शेजारी एक ताई सेवा केंद्र चालवतात. दाखले, उतारे, विम्याचे अर्ज, वीजबिल, सगळे काही. गावाचे नाव आम्ही देत नाही, ताईंचेही नाही. पण ताईंनी स्वतःच सांगितले, "भाऊ, नाव नका छापू, पण झालं ते सगळं छापा. दुसऱ्याचं तरी वाचंल."

त्याचे असे झाले. अर्जाला लावायचे फोटो कापून नीट बसवायला ताईंना एक सॉफ्टवेअर हवे होते. अस्सल प्रतीला पैसे पडत होते. इंटरनेटवर तेच 'फुकट' मिळत होते. उतरवून घेतले. सोबत एक चिठ्ठी होती, तीत लिहिले होते, 'बसवण्यापूर्वी अँटिव्हायरस बंद करावा.' ताईंनी केला. सॉफ्टवेअर बसले, आणि बरे का, चालूही झाले! फोटो सुरेख कापले जात होते. आठवडाभर ताई खूश होत्या.

मग संगणक जड चालू लागला. काम काही नसताना पंखा घरघर करी. नको ती पाने आपोआप उघडत. एके दिवशी ईमेलवर सूचना आली की, तुमच्या खात्यात परगावच्या संगणकावरून कोणीतरी प्रवेश केला आहे. ताईंना वाटले, असेल काहीतरी. दोन दिवसांनी सकाळी केंद्र उघडले तर सेवेच्या वॉलेटमधले चौदा हजार रुपये रात्रीतून गेलेले.

"पैशाचं दुःख झालंच," ताई म्हणाल्या, "पण पोटात गोळा आला तो दुसऱ्याच गोष्टीनं. चारशे लोकांचे आधार, पासबुकं, उतारे स्कॅन करून मी त्याच मशिनीत ठेवले होते. लोकांनी विश्वासानं दिले होते ना!"

हा खरा मुद्दा आहे. संगणक एकाचा असतो, त्यातले कागद गावाचे असतात.

ट्रोजन म्हणजे काय?

नावाची कथा ग्रीकांची आहे. ट्रॉय नावाच्या शहराला ग्रीक सैन्याने दहा वर्षे वेढा घातला, पण तटबंदी काही फुटेना. शेवटी त्यांनी एक प्रचंड लाकडी घोडा करून वेशीबाहेर ठेवला आणि माघार घेतल्याचे सोंग केले. शहरवाल्यांनी तो घोडा आनंदाने आत ओढून नेला. रात्री घोड्याच्या पोटातून सैनिक उतरले आणि त्यांनी वेस आतून उघडली. आपल्याकडे सांगायचे तर पूतना मावशी. आली ती दूध पाजायला, सुंदर रूप घेऊन. दारात तिला कोणी अडवले नाही.

परंतु ऊस उत्पादकाला यापेक्षा जवळचा दाखला आहे, तो काणीचा. ज्यांनी को-७४० चा काळ पाहिला आहे त्यांना काणी समजावून सांगायला नको. बेणे दिसायला चांगले, डोळे टपोरे, कांडी रसरशीत. लावताना संशय येत नाही. रोग आतच असतो. पुढे शेंड्यातून काळा चाबूक बाहेर पडतो तेव्हा कळते, आणि तोवर त्याची काळी भुकटी वाऱ्याबरोबर शेजारच्या फडात गेलेली असते. ट्रोजन नेमका असाच. तो कामाच्या वस्तूच्या पोटात बसून येतो आणि आपणच त्याला आपल्या हाताने लावतो.

व्हायरस आणि ट्रोजन यांत लोक घोटाळा करतात. व्हायरस स्वतःच्या प्रती काढून एका फाइलीतून दुसऱ्या फाइलीत पसरतो. ट्रोजन आपण होऊन पसरत नाही, त्याला माणसाने आत घ्यावे लागते. म्हणूनच तो यंत्राच्या नव्हे, माणसाच्या चुकीची वाट बघतो. मोह, भीती आणि घाई ही त्याची तीन दारे.

हा प्रकार आजचा नाही. १९८९ साली इंटरनेट घरोघर नव्हते. तेव्हा एड्स रोगाची माहिती देणारी म्हणून सुमारे वीस हजार फ्लॉपी डिस्क टपालाने वेगवेगळ्या देशांत पाठवण्यात आल्या. संगणकात घातल्या की माहिती खरोखरच मिळे. पण संगणक सुमारे नव्वद वेळा चालू केला गेला की आतला प्रोग्रॅम जागा होई, फाइलींची नावे झाकून टाकी आणि १८९ डॉलर पनामा देशातल्या टपालपेटीवर पाठवा, असे पडद्यावर सांगे. फ्लॉपी गेली, टपाल गेले, युक्ती मात्र तीच राहिली.

आत शिरल्यावर तो काय करतो?

ताईंचा भाचा कल्याणला संगणक दुरुस्तीचे काम करतो. त्याने आम्हांला कागदावर रेघा मारून समजावले, ते त्याच क्रमाने देतो.

पहिली पायरी, प्रवेश. चोरून फोडलेले सॉफ्टवेअर, ईमेलला जोडून आलेले 'थकित बिल', 'कुरिअरची पावती', किंवा कोणाचा तरी पेन ड्राइव्ह. यात एक खोच आहे. फाइलीच्या नावाच्या शेवटी तिची जात लिहिलेली असते. '.पीडीएफ' असेल तर कागद, '.इएक्सई' असेल तर चालणारा प्रोग्रॅम. पण विंडोज ही शेपटी सहसा झाकून ठेवते. मग 'बिल.पीडीएफ.इएक्सई' अशी फाइल नुसती 'बिल.पीडीएफ' दिसते. माणूस कागद समजून उघडतो आणि प्रोग्रॅम चालतो.

दुसरी पायरी, मुक्काम. एकदा चालला की तो आपली एक प्रत आडबाजूच्या फोल्डरात ठेवतो आणि संगणक चालू होताना ज्या गोष्टी आपोआप चालतात त्या यादीत आपले नाव घालतो. कधी दर तासाला चालणारे एखादे ठरावीक काम लावून ठेवतो. म्हणजे आपण त्याला बंद केले तरी उद्या सकाळी तो परत हजर.

तिसरी पायरी, निरोप. आत बसलेला प्रोग्रॅम इंटरनेटवरून आपल्या मालकाला कळवतो की मी पोचलो. मालक तिकडून हुकूम देतो आणि हवी ती आणखी हत्यारे पाठवतो.

चौथी पायरी, चोरी. कळफलकावर दाबलेली अक्षरे टिपणे, पडद्याचे फोटो काढणे, ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड उचलणे. काही वेळा शेवटी सगळ्या फाइली कुलूपबंद करून खंडणी मागतात. त्याला रॅन्समवेअर म्हणतात.

तिसरी पायरी नीट लक्षात घ्या. इंटरनेट तुटले की त्याचा मालकाशी संबंध तुटतो. उपायाची सुरुवात तिथूनच होते.

मोठ्यांनाही चुकले नाही

कोणी म्हणेल, हे खेड्यातल्या अडाण्यांचे दुखणे. तसे मुळीच नाही. दोन उदाहरणे आपल्याच राज्यातली देतो.

पुण्याची कॉसमॉस सहकारी बँक १९०६ सालची. शनिवार, ११ ऑगस्ट २०१८ रोजी तिच्या एटीएम यंत्रणेवर हल्ला झाला. एटीएममधून पैसे मागितले की ती मागणी बँकेच्या 'स्विच' नावाच्या यंत्रणेकडे जाते आणि मंजुरी मिळाली तर पैसे बाहेर पडतात. चोरट्यांनी मालवेअर घुसवून खऱ्या स्विचऐवजी एक खोटा स्विच मध्ये उभा केला आणि खोट्याने सगळ्या मागण्यांना मंजुरी दिली. म्हणजे काट्यावर आपला माणूस बसवून हव्या त्या वजनाची पावती फाडण्यातलाच प्रकार! २८ देशांतून सुमारे ७८ कोटी रुपये आणि भारतातून अडीच कोटी काढले गेले. त्यात कोल्हापूरची एटीएमसुद्धा होती. १३ ऑगस्टला आणखी १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगच्या एका खात्यात वळवले. एकंदर ९४ कोटी ४२ लाख. ग्राहकांच्या खात्यांतील रकमांना धक्का लागलेला नाही, असे बँकेने त्या वेळी स्पष्ट केले होते. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने या प्रकरणात ११ जणांना दोषी ठरवले.

दुसरे उदाहरण न्हावाशेवा बंदराचे. आपल्या राज्यातली साखर ज्या बंदरांतून परदेशी जाते त्यांतले हे एक. २७ जून २०१७ रोजी 'नॉटपेट्या' नावाच्या मालवेअरने जगभर धुमाकूळ घातला. मेअर्स्क या जहाज कंपनीच्या समूहाचे या बंदरातले कंटेनर टर्मिनल त्यामुळे ठप्प झाले आणि कंटेनर अडकून पडले. उगम कुठला? युक्रेन देशात हिशेब आणि कराच्या कामासाठी वापरले जाणारे एक साधे सॉफ्टवेअर. त्याच्या नियमित सुधारित आवृत्तीतच चोरट्यांनी विष कालवले होते. लोकांनी विश्वासाने आवृत्ती घेतली आणि घोडा वेशीच्या आत आला. आत आल्यावर मात्र हा प्रोग्रॅम स्वतःच्या बळावर एका संगणकातून दुसऱ्यात पळत सुटला. मेअर्स्कने आपले नुकसान पंचवीस ते तीस कोटी डॉलर सांगितले. युक्रेनच्या हिशेबनिसाच्या टेबलावरची कीड उरणच्या धक्क्यापर्यंत पोचली ती अशी.

या लढाईत मराठी माणूसही मागे नाही, हेही सांगितले पाहिजे. सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे कैलास काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करीत, पुढे संगणक दुरुस्त करू लागले. त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी १९९० च्या दशकात व्हायरस काढणारा प्रोग्रॅम लिहिला. त्यातून 'क्विक हील' ही कंपनी उभी राहिली. जाहिरात म्हणून हे सांगत नाही. दुरुस्तीच्या टेबलावरूनच उपाय सापडतात, एवढेच सांगायचे आहे.

काणी काढण्याची रीत

आता मुख्य गोष्ट. काणीचा चाबूक दिसला तर आपण काय करतो? घाईने उपटला तर भुकटी उडते. म्हणून आधी त्यावर पिशवी चढवायची, मग चाबूक कापायचा, मग बेट मुळासकट खणून जाळायचे. ताईंच्या भाच्याने संगणकावर हेच केले.

१. पिशवी चढवली. इंटरनेटची वायर काढली, वायफाय बंद केले. त्या यंत्राला लावलेला पेन ड्राइव्ह दुसऱ्या कुठल्याही यंत्राला लावायचा नाही, अशी ताकीद दिली. बाधित यंत्रावरून बँकेचे काम एकदम बंद.

२. दुसऱ्या, निर्धोक यंत्रावरून पैसे राखले. बँकेला कळवले, ईमेलचा आणि सेवा केंद्राचा पासवर्ड बदलला, 'सर्व ठिकाणांहून बाहेर पडा' हा पर्याय वापरला. पासवर्डशिवाय दुसरी खूण मागणारी दुहेरी तपासणी चालू केली. इथे लोक हटकून चुकतात. बाधित यंत्रावर बसूनच पासवर्ड बदलतात आणि नवा पासवर्डही चोराच्या हाती देतात.

३. तपासणी केली. विंडोज १० आणि ११ मध्ये डिफेंडर नावाचा राखणदार कंपनीनेच दिलेला असतो. ताईंनी तोच बंद केला होता. तो चालू करून भाच्याने आपल्या लॅपटॉपवरून स्वच्छ पेन ड्राइव्हवर आणलेली ताजी माहिती त्याला दिली आणि 'ऑफलाइन स्कॅन' केला. यात संगणक बंद होऊन पुन्हा चालू होतो, आणि विंडोज पुरती उठण्याआधीच तपासणी होते. पंधराएक मिनिटे लागतात. फायदा असा की ट्रोजन जागा होऊन लपायच्या आत सापडतो. नंतर पूर्ण स्कॅन केला, त्याला तीन तास लागले.

४. सापडलेले विलग केले. तीन फाइली निघाल्या. मग संगणकाबरोबर आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रॅमची यादी पाहिली, ठरावीक वेळी चालणाऱ्या कामांची यादी पाहिली, ब्राउझरला चिकटलेली अनोळखी जोडसाधने काढली, आणि ते फोटोचे सॉफ्टवेअरही काढून टाकले.

५. दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासले. तर काय, एक फाइल परत हजर! तेव्हा भाचा म्हणाला, "मावशी, आता याचा खोडवा नको."

किती योग्य बोलला! काणीच्या फडाचा खोडवा ठेवू नये, हे आपल्याला शेतकी खाते वर्षानुवर्षे सांगत आले आहे. एकदा बेटात रोग मुरला की वरवर कापून भागत नाही. संगणकाचेही तसेच. रोग फिरून आला, किंवा ज्या यंत्रावर पैशाचे व्यवहार होतात तेच बाधले, तर सगळे पुसून नव्याने विंडोज बसवणे हाच खात्रीचा उपाय.

६. नवी लागण केली. आधी फक्त कागदपत्रे आणि फोटो वेगळे काढले, चालणारा एकही प्रोग्रॅम घेतला नाही. ते दुसऱ्या यंत्रावर तपासले. मग डिस्क पुसली. मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून निर्धोक यंत्रावर उतरवलेली विंडोज बसवली, सगळ्या सुधारणा घेतल्या आणि शेवटी कागद परत आणले. अस्सल सॉफ्टवेअर म्हणजे आपले प्रमाणित बेणे. मूलभूत, पायाभूत, प्रमाणित अशी तीन पायऱ्यांची बेणे मळ्याची शिस्त आपण पाळतो ती याचसाठी. वाटेवर पडलेले बेणे फुकट मिळते म्हणून कोणी लावत नाही.

ज्यांच्या जवळ भाचा नाही त्यांनी काय करावे? केंद्र सरकारने फेब्रुवारी २०१७ मध्ये 'सायबर स्वच्छता केंद्र' सुरू केले. त्यांच्या संकेतस्थळावर संगणक आणि मोबाइल साफ करण्याची साधने फुकट मिळतात. एक मात्र ध्यानात ठेवा. 'तुमच्या संगणकात व्हायरस आहे, ताबडतोब या नंबरवर फोन करा' असे पान अचानक उघडले तर फोन करू नका. तो वैद्य नव्हे, तोच रोग आहे.

मोबाइलची लग्नपत्रिका

म्हशाहून निघून सरळगाव, किन्हवलीवरून आम्ही शहापूरला आलो. माहुलीचा किल्ला समोर दिसत होता. बोलता बोलता विषय निघाला आणि आमच्या यजमानांनी खिशातला फोन पुढे केला. "हे बघा, आम्हांलाही आलं होतं." व्हॉट्सअॅपवर लग्नपत्रिका होती, ओळखीच्याच माणसाच्या नंबरावरून. नाव होते 'लग्नपत्रिका.एपीके'.

एपीके ही पत्रिकेची नव्हे, मोबाइलमध्ये बसणाऱ्या अॅपची शेपटी. पत्रिका कधीही 'बसवावी' लागत नाही, फक्त बघावी लागते. ऑगस्ट २०२५ मध्ये हिंगोली जिल्ह्यातल्या एका सरकारी कर्मचाऱ्याला असेच ३० ऑगस्टच्या लग्नाचे आमंत्रण आले. उघडले आणि खात्यातले सुमारे १ लाख ९० हजार रुपये गेले. 'पीएम किसान', 'वाहनाचे चलन', 'बँक केवायसी' अशा नावांनीही हेच येते. बसवल्यावर ते एसएमएस वाचायची परवानगी मागते. आपण 'होय' म्हटले की बँकेचा ओटीपी आपल्याआधी चोराला दिसतो. मग तो आपल्याच नावाने आपल्या सोयऱ्यांना तीच पत्रिका धाडतो. म्हणून ओळखीच्या नंबरावरून आली एवढ्यावर विश्वास टाकू नये. फोन करून विचारावे, "पाव्हणं, पत्रिका तुम्हीच धाडली का?"

चुकून बसवलीच तर आधी मोबाइल डेटा आणि वायफाय बंद करा, सिमही काढून दुसऱ्या फोनात घाला. सेफ मोडमध्ये फोन चालू करून त्या अॅपचे 'अॅक्सेसिबिलिटी' आणि 'डिव्हाइस अॅडमिन' हे अधिकार काढा आणि अॅप काढून टाका. निघत नसेल तर फोटो व नंबर बाजूला ठेवून फोन मूळ स्थितीला आणा. कॉल परस्पर दुसरीकडे वळवलेले नाहीत ना, ते *#२१# लावून पाहा. ##००२# लावले की वळवलेले सगळे रद्द होते.

मुरबाड तालुक्यातले धसई हे गाव १ डिसेंबर २०१६ रोजी राज्यातले पहिले रोकडरहित गाव म्हणून जाहीर झाले होते. किराणा दुकानापासून सगळीकडे कार्डाची यंत्रे बसली. पुढे रोख पैसा परत आला, ते असो. पण त्या डोंगराकाठच्या गावाने इतक्या लवकर यंत्रावर विश्वास टाकला, ही लहान गोष्ट नव्हे. तो विश्वास राखायचा तर सावधपणाही तितकाच लवकर शिकायला हवा. नाणेघाटाच्या तोंडाशी जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण आपण सर्वांनी पाहिला आहे. घाटात येणारा माल पाहिल्याशिवाय पुढे सोडायचा नाही, ही रीत या वाटेला दोन हजार वर्षांची आहे. मोबाइलच्या घाटातही तीच चालवावी.

लाज नको, उशीर नको

आता आपल्या घरातली एक गोष्ट. आपल्याच एका सभासदांचा उसाचा पहिला हप्ता जमा झाला आणि चौथ्या दिवशी त्यातले साठ हजार याच पत्रिकेच्या वाटेने गेले. त्यांनी घरात सांगितले नाही, बँकेला सांगितले नाही. "लोक हसतील, शिकलेल्या मुलाचा बाप आणि असा फसला," म्हणून आठ दिवस गप्प राहिले. आठ दिवसांत ते पैसे कुठल्या कुठे गेले होते. मुलीच्या फीसाठी ठेवलेले पैसे होते ते.

बंधूंनो, पैसे गेल्यावर पहिला तास सोन्याचा असतो. १९३० हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. तिथे तत्काळ कळवले तर पैसा ज्या खात्यात गेला तिथेच तो अडवण्याचा प्रयत्न होतो. चोर तो पैसा एका खात्यातून दुसऱ्यात पळवत असतात, म्हणून मिनिटामिनिटाला किंमत आहे. सोबत आपल्या बँकेला कळवा आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या. रिझर्व्ह बँकेने २०१७ साली सहकारी बँकांनाही नियम घालून दिला की ग्राहकाने कळवल्यानंतर जे नुकसान होईल ते बँकेने सोसायचे. मग कळवायला उशीर का?

आता ताईंकडे परत येऊ. त्यांनी काय केले? संगणक साफ झाला, कोणाला काही कळले नव्हते. गप्प राहिल्या असत्या तर चालले असते. पण त्या वही घेऊन तीन दिवस घरोघर फिरल्या. "तुमचे कागद माझ्या मशिनीतून गेले असतील. खात्यावर लक्ष ठेवा, आधारचे बायोमेट्रिक लॉक करून घ्या, मी करून देते." काही जण रागावले. एकाने दारातून परत पाठवले. पण पुष्कळांनी लॉक करून घेतले.

"केंद्र बंद पडेल असं नाही वाटलं?" आम्ही विचारले.

"वाटलं ना," ताई म्हणाल्या. "पण उद्या कुणाचं खातं रिकामं झालं असतं आणि मला ठाऊक असून मी बोलले नसते, तर पुन्हा त्यांच्या घरचं पाणी कसं प्यायले असते?"

सोसायटी आणि गट कार्यालयांसाठी

शेवटी चार गोष्टी, भिंतीवर लावण्यासारख्या.

पैशाचा आणि कर्जाच्या नोंदींचा संगणक वेगळा ठेवावा. त्यावर गाणी, खेळ, सिनेमे नकोत. रोजचे काम मर्यादित अधिकाराच्या खात्यातून करावे, मुख्य अधिकार एकाच जबाबदार माणसाकडे असावा.

फाइलींची शेपटी दिसेल असे विंडोजमध्ये करून घ्यावे. अँटिव्हायरस बंद करा असे जे सॉफ्टवेअर सांगते, ते दारातूनच परत पाठवावे.

नोंदींच्या तीन प्रती असाव्यात. त्यांपैकी एक प्रत संगणकापासून सोडवून कपाटात ठेवावी. जोडलेली प्रत रॅन्समवेअरमध्ये मूळ प्रतीबरोबरच जाते. आणि ती उघडते की नाही, हे महिन्यातून एकदा पाहावे.

विंडोज ७ च्या सुधारणा जानेवारी २०२० मध्ये थांबल्या, विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. जुनी यंत्रे अजून चालतात म्हणून आपण चालवतो, पण त्यांच्या कुंपणाला पडलेली भगदाडे आता आपोआप बुजत नाहीत. मासिक सभेत हा विषय जरूर घ्यावा.

परतीच्या वाटेवर माळशेजच्या वळणावर थांबलो तेव्हा म्हशाचे ते म्हातारबुवा पुन्हा आठवले. बैल घेताना ते दात बघायला लाजले नाहीत. विकणारा हसला, तरी ते बघतच राहिले. आपणही फोनमध्ये काही घेताना तेवढेच करायचे आहे. कोणी हसले तर हसू दे. दावणीला आपल्याच बांधायचे आहे.